हलका लॅपटॉप, लिनक्स आणि वायफायविषयीचा जुना गैरसमज

हलक्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच एक संगणक प्रणाली) टाकले की वायफाय बंद पडते, हे वाक्य मुंबईत लॅमिंग्टन रोडवर खरेदीला गेलेल्याला आजही ऐकवले जाते. ते सरसकट खरे नाही. एके काळी ब्रॉडकॉमच्या अनेक वायफाय चिपसाठी ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळा बसवावा लागे, आणि पातळ लॅपटॉपला केबलने इंटरनेट जोडण्याचे इथरनेट पोर्टच नसल्याने तो उतरवायचा कसा, असा पेच पडे. समज तिथून रुजला. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपसाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर दिला, तर इंटेलच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. मात्र चिप कर्नलपेक्षा नवी असेल तर ती ओळखली जात नाही, म्हणून नव्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती टाकून लिनक्सला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

खात्री करणे सोपे आहे. उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्यावा, दुकानदाराची परवानगी घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करावा (डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही), आणि आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावे. मग झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे. वायफाय पुन्हा आपोआप जोडले गेले, तर लोकलमध्ये कल्याणपर्यंत काम करणाऱ्याची मोठी चिंता मिटली. आणि वायफाय अडलेच, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की इंटरनेट मिळते व ड्रायव्हर उतरवता येतो.