नाकातला मेलेनोमा म्हणजे त्वचेचाच मेलेनोमा नव्हे

मेलेनोमा हा एक कर्करोग. त्याचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतो तो अंगावरचा तीळ: कडा वेड्यावाकड्या, रंग बदललेला. नाकातला किंवा सायनसमधला मेलेनोमा असा दिसत नाही; बराच काळ दिसतच नाही. एक नाकपुडी चोंदलेली राहते, त्याच बाजूने अधूनमधून घोळणा फुटतो, आणि सर्दी-ॲलर्जी समजून महिने निघून जातात. साठीच्या पुढे नाकाची एकच बाजू अशी धरून बसली तर दुर्बिणीने आत बघून घ्यावं. गाठ काळीच असेल असंही नाही. काही फिकट, मांसासारख्या असतात; मग गाठीच्या काढलेल्या तुकड्यावर एस-१००, एचएमबी-४५ अशा चाचण्या केल्यावरच त्यांची ओळख पटते.

पेशी दोन्हीकडे तीच, रंगद्रव्य बनवणारी. त्वचेवर मात्र उन्हाचा हात मोठा. नाकाच्या आत ऊन कुठून येणार?

त्वचेत गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून स्टेज ठरते. नाकात ती मोजपट्टी चालत नाही. इथे टी-१, टी-२ हे गाठीचे सुरुवातीचे टप्पे नाहीतच. लहानशी गाठही थेट टी-३ धरतात. रिपोर्ट वाचून घरचे हबकतात ते इथेच.

शस्त्रक्रिया दोन्हीकडे पहिली. त्वचेवर गाठीभोवतीची एक-दोन सेंटिमीटर चांगली कातडी काढता येते. नाकात शेजारी डोळा आणि वर मेंदूचा तळ, तेवढी जागा आणायची कुठून? म्हणून बहुतेकदा मागोमाग रेडिएशन देतात. त्याने गाठ त्याच जागी परत उगवणं कमी होतं. आयुष्य वाढतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं, असं मला वाटतं.

औषधांतही तोच फरक. त्वचेच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकात बदल सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत. नाकात तो क्वचितच. काहींत केआयटी नावाच्या जनुकात बदल असतो, तिथे इमॅटिनिब ही गोळी वापरून बघतात. इम्युनोथेरपीचंही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या औषधांचंही तसंच. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही अशी दोन औषधं जोडीने दिल्यावर त्वचेच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत गाठी आकसल्या. नाकासारख्या आतल्या अस्तरातल्या मेलेनोमात ३७ टक्के, आणि एकट्या निव्होलुमॅबने २३. जोडीचे दुष्परिणामही अर्थात जास्त.

उपचारानंतर त्वचेवरचा नवा डाग आरशात स्वतःला दिसू शकतो. नाकासाठी दुर्बीण आणि स्कॅन ठरलेल्या तारखांना करावेच लागतात, श्वास मोकळा वाटत असला तरी.