बारा आणे तांबं, चार आणे सोनं

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, त्रुहियो शहरापासून थोडं वर, एल ब्रुहो नावाची जागा आहे. कच्च्या विटांचे प्रचंड ढिगारे, पलीकडे पॅसिफिक. त्यातल्या काओ विएहो या मंदिरात २००६ साली रेगुलो फ्रांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडात गुंडाळलेलं एक भलंमोठं गाठोडं उघडलं. आत एक तरुण स्त्री होती. वय पंचविशीच्या आसपास, उंची जेमतेम दीड मीटर. कोरड्या हवेने कातडी टिकवल्यामुळे हातांवरचे गोंदलेले साप आणि कोळी सोळाशे वर्षांनंतरही दिसत होते. सोबत लढाईचे सोटे, भाला फेकायची साधनं आणि नाकात घालायचे चाळीसहून जास्त दागिने.

नाक एक आणि दागिने चाळीस, ही नुसती हौस नव्हे. या किनाऱ्यावरच्या मोचे संस्कृतीत, म्हणजे साधारण इ.स. १०० ते ८०० या काळात, नाकातला दागिना हा अधिकाराचा बिल्ला होता, आणि तो पुरुषांइतकाच त्या बाईंकडेही होता. या शोधाआधी मोचे राज्यकर्ते पुरुषच असणार असं सगळे धरून चालले होते.

हे दागिने नथीसारखे नाकपुडीत नसत. बुलाक जिथे लोंबते तिथे, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात, ते अडकवत. बऱ्याच वेळा तो अर्धचंद्राच्या आकाराचा पत्रा असे, इतका रुंद की ओठ पूर्ण झाकले जात. बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, नुसता हलणारा, चमकणारा धातू दिसायचा. जेवताना तो काढून ठेवत असणार, दुसरा मार्ग दिसत नाही. (आपल्याकडे नथ याहून बरीच नंतरची. इ.स. १००० च्या आधी तिचा पक्का पुरावा मिळत नाही, असं पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकातच मांडून ठेवलंय.)

पेरूतच आणखी उत्तरेला लोमा नेग्रा इथे १९६९ साली थडगी लुटली गेली. त्यातला बराच माल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात सोनं आणि चांदी एकत्र जोडून केलेले नाकातले दागिने आहेत. एकावर तर चक्क कोळंब्या आहेत. समुद्राकाठच्या लोकांना त्या परक्या नव्हत्या, पण राजाच्या ओठांवर मिरवण्याइतकं त्यांचं काय महत्त्व होतं, कोण जाणे.

आता धातूकडे वळू. अँडीजमधल्या कितीतरी 'सोन्याच्या' दागिन्यांत सोन्यापेक्षा तांबं जास्त आहे. सोन्या-तांब्याच्या या मिश्रणाला तुंबागा म्हणतात. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १०८५ ला, पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर ९१० अंशांच्या आसपासच रस होतो. भाते नव्हते, वेताच्या नळ्यांनी तोंडाने फुंकून भट्टी पेटवायची. तिथे हे शे-दीडशे अंश म्हणजे मोठीच सवलत. शिवाय मिश्रधातू शुद्ध सोन्यापेक्षा टणक, त्यामुळे पातळ पत्रा ठोकला तरी सहज वाकत नाही.

मग हा तांबूस पत्रा पिवळाधमक कसा करायचा? तो तापवायचा. पृष्ठभागावरच्या तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन काळा थर बसतो. तो आंबट वनस्पतीच्या रसाने काढायचा, आपण तांब्याचा हंडा चिंचेने उजळतो तसा. पुन्हा तापवायचं, पुन्हा धुवायचं. दर खेपेला वरचं थोडं तांबं निघून जातं आणि सोनं मागे राहतं, कारण ते ना ऑक्सिजनला दाद देतं ना आंबट रसाला. मिश्रणात चांदी असेल तर ती घालवायला क्षारांचा लेप लागतो. शेवटी घोटून चकाकी आणायची. बाहेरून एक कणही न लावता वस्तू सोन्याची दिसू लागते.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या, जुन्या धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांचं म्हणणं असं की यामागे काटकसर नव्हती, विचार होता. वस्तूच्या पोटात जे आहे तेच वर दिसलं पाहिजे, म्हणून सोनं आधी आत घालायचं आणि मग वर आणायचं. कल्पना मोहात पाडणारी आहे, पण मला ती अर्धीच पटते. कारण लोमा नेग्राच्या तांब्याच्या पत्र्यांवर सोन्याचा जो सूक्ष्म थर आहे, तो बाहेरूनच चढलेला आहे, आणि तोही लेक्टमन यांनीच उलगडला. मीठ, सोरा आणि तुरटीच्या द्रावणात सोनं विरघळवायचं, आम्लता मारायची आणि उकळत्या द्रावणात तांब्याचा पत्रा बुडवायचा. प्रयोगशाळेत त्यांनी हे करून दाखवलं. वीज नाही, बॅटरी नाही, तरी मुलामा. म्हणजे कारागिरांना दोन्ही वाटा माहीत होत्या.

इक्वाडोरच्या ला तोलिता बेटावरच्या सोनारांनी तर प्लॅटिनमही वापरलं. ते १७६८ अंशांना वितळतं, तितकी आच त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांनी नदीतले प्लॅटिनमचे कण सोन्याच्या भुकटीत मिसळून तापवले. सोन्याचा रस कणांच्या फटींत शिरला, मग ठोका, तापवा, ठोका. युरोपला हा धातू हाताळायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

मेक्सिकोत नाक टोचणं हा तर राज्यारोहणाचाच भाग होता. मिश्टेक राजा 'आठ हरीण' याचं नाक १०९७ साली टोचलं गेलं, तो प्रसंग ब्रिटिश म्युझियममधल्या चित्रपोथीत रंगवलेला आहे. अस्तेक सरदार खालचा ओठही टोचत. मेट्रोपॉलिटनमध्ये त्यांचा सोन्याचा एक ओठातला दागिना आहे. जबडा वासलेल्या सापाचं डोकं, आणि त्याची दुभंगलेली जीभ वेगळी ओतून बसवलेली. माणूस हलला की सापाची जीभ लवलवे.

अशा वस्तू फार थोड्या उरल्या, कारण स्पॅनिश लोकांनी मिळालेलं बहुतेक सोनं वितळवून लगडी केल्या. पण ओठात दगडाची किंवा हाडाची खुंटी घालणाऱ्यांनी एक पुरावा सोबत नेला. खुंटी आतून दातांवर वर्षानुवर्षं घासायची, त्यामुळे खालच्या पुढच्या दातांवर बाहेरच्या बाजूला गुळगुळीत, सपाट झीज दिसते आणि तिथली हिरडी मागे सरकलेली असते. अलास्कातल्या आणि चिलीतल्या सांगाड्यांत अशी झीज सापडली आहे. दागिना हाती लागला नाही तरी तो कोण घालत होतं, हे नुसत्या दातांवरून सांगता येतं.