जास्तीचं प्रोटीन आणि युरिया चक्र

युरिया चक्र म्हणजे जेवणातून गरजेपेक्षा जास्त गेलेल्या प्रोटीनमधला नायट्रोजन काढून तो युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकण्याची लिव्हरमधली प्रक्रिया. चरबी साठवायला चरबीच्या पेशी आहेत, ग्लुकोजला ग्लायकोजेन आहे, प्रोटीनला मात्र निव्वळ साठवणीची अशी जागाच नाही. स्नायू हा साठा नव्हे, तो कामाचा अवयव आहे आणि नुसतं खाणं वाढवून तो वाढत नाही.

पचनानंतर प्रोटीनचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, रक्तात येतात, झीज भरायला लागतील तेवढी वापरली जातात आणि उरलेल्यांचा अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) बहुतेक वेळा आधी ग्लुटामेट या अमिनो आम्लावर जातो, मग लिव्हरच्या मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) तिथून अमोनिया सुटतो. अमोनिया मेंदूला विषारी, म्हणून तो लगेच कार्बामॉइल फॉस्फेटमध्ये बांधला जातो, ते ऑर्निथीन या अमिनो आम्लाला जोडून सिट्रुलीन होतं, सिट्रुलीन मायटोकाँड्रियाबाहेर येऊन आणखी एका अमिनो आम्लाशी, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटशी जुळतं, त्यातून अर्जिनिनोसक्सिनेट, मग अर्जिनीन, आणि शेवटी अर्जिनेज हे एन्झाइम अर्जिनीन फोडून युरिया आणि ऑर्निथीन देतं, म्हणजे ऑर्निथीन परत कामाला तयार. युरियातल्या दोन नायट्रोजनपैकी एकच थेट अमोनियाचा, दुसरा अ‍ॅस्पार्टेटकडून येतो, हे बऱ्याच सोप्या आकृत्यांत नीट दाखवत नाहीत. युरियाच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचे) 3 रेणू खर्च होतात. प्रोटीनमध्ये साधारण 16 टक्के नायट्रोजन धरला तर 100 ग्रॅम प्रोटीन पूर्ण जळल्यावर जास्तीत जास्त 34 ग्रॅमच्या आसपास युरिया होतो.

शोधाचा इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे. युरिया लघवीतून पहिल्यांदा वेगळा केल्याचं श्रेय कुणी बोरहाव्हे यांना देतात, कुणी 1773 च्या रुएल यांना. अर्जिनेज 1904 मध्ये कोसेल आणि डेकिन यांनी दाखवलं. चक्राची कल्पना मात्र जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स आणि त्यांचा विद्यार्थी कुर्ट हेन्झेलाइट यांची, फ्रायबुर्ग, 1932. उंदराच्या लिव्हरच्या पातळ चकत्यांवर अमोनियासोबत थोडं ऑर्निथीन टाकलं की युरिया खूप वाढायचा, आणि तोही ऑर्निथीन न संपता. ऑर्निथीन मुळात का घेतलं, मुद्दाम की सहज, यावर मतं वेगवेगळी आहेत. इतिहासकार फ्रेडरिक होम्स यांनी क्रेब्सच्या प्रयोगवह्यांवरून दिवसवार घटनाक्रम लावला, त्यावर दीपक कुलकर्णी आणि हर्बर्ट सायमन यांनी 1988 मध्ये ‘केकडा’ नावाचा संगणक प्रोग्राम मांडला, ज्यात अनपेक्षित निकाल दिसला की त्याच्यामागे लागायचं असा नियम होता, आणि ऑर्निथीनचा निकाल अनपेक्षित होता, मग क्रेब्स त्याच्यामागे लागले, हेच स्पष्टीकरण वह्यांशी जास्त जुळतं असं वाटतं. 1939 मध्ये बाख यांनी चक्रावरच शंका घेतली होती, पण त्याच सुमाराला नायट्रोजन-15 (ओळखता येणारा, जरा जड नायट्रोजन) घालून केलेल्या प्रयोगांत ही खूण अर्जिनीनच्या नेमक्या ज्या भागातून युरिया सुटतो त्याच भागात सापडली आणि शंकेला फारसा आधार उरला नाही. अर्जिनिनोसक्सिनेटचा टप्पा नंतर सारा रॅटनर यांनी उलगडला, क्रेब्सच्या मूळ आकृतीत तो नव्हता.

नायट्रोजन गेल्यावर अमिनो आम्लाच्या उरलेल्या कार्बनच्या सांगाड्याचा बराच भाग इंधन म्हणून जळतो. काहींपासून ग्लुकोज होतं, ल्युसीन आणि लायसीन या अमिनो आम्लांपासून नाही. चरबी थेट फार थोडी बनते, पण एकूण कॅलरी जास्त झाल्या तर आहारातली चरबी न जळता राहते, म्हणून वजन वाढू शकतंच.

जास्त प्रोटीन रोज खाल्लं तर चक्राची एन्झाइम्स वाढतात, उंदरांमध्ये हे शिमके यांनी 1962 मध्ये दाखवलं. तरी मर्यादा आहे: 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात फक्त मांसावर राहिलेले ध्रुवप्रदेशाचे संशोधक स्टेफान्सन बिनचरबीचं मांस खाताच काही दिवसांत मळमळ आणि जुलाबाने आजारी पडले, चरबी परत सुरू केल्यावर बरे झाले.

किडनीबद्दल, ब्रेनर यांच्या 1982 च्या मांडणीनुसार जास्त प्रोटीनमुळे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या भागावर ताण येऊन नुकसान होतं. किडनी आधीच कमजोर असेल तर प्रोटीन बेताचं ठेवायला सांगतात ते याच विचाराने, निरोगी माणसांत मात्र तसं नुकसान ठामपणे दिसलेलं नाही. युरिया बाहेर टाकायला पाणी जास्त लागतं. यूरिक अ‍ॅसिड हा वेगळा विषय, ते प्युरीनपासून (डीएनए-आरएनएमधल्या एका घटकापासून) बनतं.