सापडलेल्या प्रथिनापासून विश्वासार्ह तपासणीपर्यंत

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि त्याची वाढती पातळी पाहून डॉक्टर हृदयविकाराच्या झटक्याचे निदान पक्के करतात. रक्त, मूत्र, लाळ किंवा मेंदूभोवतीच्या द्रवात अशी रोगसूचक प्रथिने, म्हणजेच बायोमार्कर, सापडल्याचे शोधनिबंध हजारोंनी प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासण्यांत मात्र त्यांतली मोजकीच आली.

एक अडचण रक्तातच आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन 35 ते 50 ग्रॅम असते, तर इंटरल्यूकिन-6 हे दाहाशी निगडित प्रथिन त्याच्या सुमारे दहा अब्जावा भाग. त्यातच नमुना किती वेळ बाहेर राहिला आणि किती वेळा गोठवून वितळवला, यावरही मोजमाप बदलते. 2002 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात रक्तातील प्रथिनांच्या एकत्रित आकृतिबंधावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचा दावा झाला. 50 पैकी 50 रुग्ण ओळखले गेले होते. पुढे इतर संशोधकांनी त्या गटाची आकडेवारी तपासली, तेव्हा दिसलेला फरक रोगाचा नसून नमुन्यांवरील प्रक्रियेचा असू शकतो, असे त्यांनी दाखवले. माझ्या मते नव्या बायोमार्करची बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे नमुने एकाच पद्धतीने घेतले होते का?

नमुने निर्दोष असले तरी गणित सुटत नाही. समजा, हजारात एकाला होणारा रोग आहे आणि तपासणी रुग्णांच्या व निरोगींच्याही बाबतीत 99 टक्के अचूक आहे. एक लाख लोकांची तपासणी केली, तर 100 रुग्णांपैकी 99 सापडतील, पण 999 निरोगी माणसांनाही रोग असल्याचा अहवाल मिळेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' ठरलेल्या दर अकरा जणांत खरा रुग्ण जेमतेम एक. म्हणूनच 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अल्झायमरशी निगडित टाउ आणि अमायलॉइड प्रथिनांच्या रक्ततपासणीला मुभा दिली, ती सरसकट नव्हे, तर लक्षणे दिसणाऱ्या 55 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींपुरती.

रोग लवकर सापडला म्हणजे रुग्ण वाचतोच, असेही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत एका गटातील सीए-125 या, अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची पातळी दरवर्षी पाहिली गेली. 2021 च्या निष्कर्षांनुसार त्या गटात पहिल्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले, तरीही अंडाशयाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.