आईच्या सावलीत न वाढणारी रोपे

पनामा कालव्याच्या काठावरील गांबोआ गावातून सकाळी निघालेली बोट पाऊण तासाच्या सुमारास बारो कोलोराडो बेटाला लागते. हे बेट म्हणजे मुळात एका टेकडीचा माथा आहे. कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधल्यावर गाटुन सरोवर १९१३ पर्यंत भरत गेले आणि सुमारे १,५६० हेक्टरांचा हा माथा आपल्या जंगलासह पाण्याने वेढला गेला. १९२३ मध्ये तो संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. आज त्याची व्यवस्था अमेरिकेतील स्मिथसोनियन या संशोधन संस्थेकडे आहे. दिवसभराच्या फेरीसाठी आलेल्यांबरोबर येथे वाटाड्या असतो आणि ते योग्यच आहे, कारण या जंगलातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात येत नाही.

येथे वर्षाला सुमारे २,६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो आठ महिन्यांवर पसरलेला असतो. कोकणात याहून अधिक पाऊस पडूनही तो चार महिन्यांत आटोपतो. पायवाटेवर शिरताच उजेड एकदम कमी होतो, दूरवरून हाउलर माकडांचे गडगडाटी ओरडणे ऐकू येते आणि पाहुण्यांची नजर साहजिकच वर फांद्यांकडे जाते. खरे तर ती प्रथम जमिनीकडे वळायला हवी. फळे गळून गेल्यावर एखाद्या मोठ्या झाडाखाली त्याचीच वीतभर उंचीची रोपे दाटीने उगवलेली दिसतात. मात्र भोवतालच्या उंच खोडांमध्ये त्या जातीचे दुसरे झाड शोधू गेल्यास ते अनेकदा बरेच अंतर चालूनही सापडत नाही. मग ही सगळी रोपे जातात कुठे?

हा प्रश्न आकड्यांत मांडण्यासाठी स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० मध्ये या बेटावर एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा ५० हेक्टरांचा तुकडा आखला. एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावून त्याचा घेर मोजण्यात आला व नकाशावर त्याची जागा नोंदवण्यात आली. अशी दोन लाखांहून अधिक खोडे भरली आणि त्यांत झाडा-झुडपांच्या सुमारे ३०० जाती निघाल्या. ही मोजणी पुढे साधारण दर पाच वर्षांनी होत आली आहे. इतकी चिकाटी विज्ञानातही दुर्मीळ असते.

रोपांच्या कोड्याचे एक उत्तर डॅनियल जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले होते. मोठ्या झाडाभोवती त्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशी साठलेल्या असतात. त्यामुळे जवळ पडलेले बी किंवा रोप मरते, दूर गेलेले वाचते आणि मधली जागा इतर जातींना मोकळी मिळते. कॅरल ऑगस्पर्गर यांनी याच बेटावर प्लॅटिपोडियम या पंखधारी बियांच्या वृक्षाचा पाठपुरावा केला, तेव्हा मूळ झाडाजवळची रोपे मोठ्या प्रमाणावर जमिनीलगत सडून आडवी पडत असल्याचे दिसले. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत ज्याला रोपे कोलमडणे म्हणतात, तोच हा रोग. वाऱ्याबरोबर दूर उडालेल्या आणि उजेडाच्या जागी पडलेल्या बियांची रोपे यातून अधिक प्रमाणात वाचली.

ज्या बियांना पंख नाहीत, त्यांची वाहतूक प्राणी करतात. पायवाटेवर दिवसाढवळ्या दिसणारा अगूटी हा मांजराएवढा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातला प्राणी, काळ्या ताडाच्या बिया पुढच्या बेगमीसाठी एकेक करून पुरतो. संशोधकांनी बियांना छोटे रेडिओ-प्रक्षेपक जोडले आणि पुरलेल्या जागांवर कॅमेरे लावले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की अगूटी एकमेकांचे साठे सतत चोरतात आणि चोरलेले बी पुन्हा नव्या जागी पुरतात. एक बी तर तब्बल ३६ वेळा पुरले गेले. अनेक बिया या चोऱ्यांमुळेच मूळ झाडापासून शंभर मीटरपलीकडे पोहोचल्या. प्राणिजगतातील इतके साधे वर्तन जंगलाच्या रचनेला कसे आकार देते, याचे याहून सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या उत्तराने सगळे सुटले, असे मात्र नाही. हबेल यांनीच २००१ मध्ये वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते जातींमधील फरक बाजूला ठेवून, कोणते झाड मरते आणि रिकाम्या जागी कोणते उगवते हे निव्वळ योगायोगाचे मानले, तरी अशा जंगलातील विविधतेचा बराचसा उलगडा होऊ शकतो. हा वाद मिटवायचा तर वेगवेगळ्या जंगलांत त्याच पद्धतीने झाडे मोजावी लागतात, आणि म्हणून असे तुकडे आता अनेक देशांत आखलेले आहेत. भारतातील ५० हेक्टरांचा तुकडा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८८ मध्ये तमिळनाडूतील मुदुमलाईच्या पानझडी जंगलात आखला. तेथे जाती ७०च्या आसपास आहेत आणि कोणते झाड जगेल, कोणते मरेल, यात हत्ती आणि वणवे यांचा वाटा मोठा आहे.