नाताळच्या लिलीला फ्रिज नको

‘अमरिलिसचा, म्हणजे नाताळच्या लिलीचा, कंद दीड महिना फ्रिजमध्ये ठेवा, मग नाताळला फुलेल’ हा सल्ला गोव्यात दरवर्षी फिरतो. तो ट्युलिपचा आहे. थंडी ट्युलिपला लागते. कुंडीतली आपली अमरिलिस म्हणजे शास्त्रीय नावानं हिप्पिअ‍ॅस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. फ्रिजच्या ४-५ अंशांत तिचा कंद बिघडूही शकतो.

तिला हवी असते कोरडी विश्रांती, ८ ते १० आठवडे. गोव्यात अडचण इथेच: विश्रांतीची वेळ नेमकी ऑगस्टच्या अखेरीस, पाऊस कोसळत असताना. तेव्हा कुंडी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराखालच्या ओसरीत, आणा, पाणी बंद करा. पानं पिवळी पडून वाळली की मगच कापा, हिरवी नकोत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नव्या मातीत लावा, कंदाचा वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवून. एकदाच पाणी, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. फुलायला साधारण ६ ते ८ आठवडे.

आणि कळी आयत्या वेळी तयार होत नाही. कंद साधारण चार पानांमागे एक कळी आत धरतो. पावसाआधी भरपूर ऊन आणि खत मिळालं नसेल, तर नुसतीच पानं येतील. मग फ्रिजला बोल लावा नाहीतर नशिबाला.