नागपूरच्या कडेला वन आरके भाड्यानं घेताय? करार नोंदवूनच घ्या

बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाहीतर मिहानमध्ये नोकरी लागली, की गावाकडच्या पोरापोरींचा पहिला शोध वन आरकेचा, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघराचा असतो. वाडी, बेसा, हिंगणा रोड, जिथं जमेल तिथं. खोली पसंत पडली की घरमालक स्टॅम्प पेपरवर दोन पानं टाइप करून नोटरी करून देतो. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही," असंही सांगतो. हे खरं नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदलेला करार नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याची आहे. हे त्याला शांतपणे सांगा, बहुतेक जण ऐकतात.

करारावर सही करणाऱ्याचं वय १८ पूर्ण हवं. पोरगी बारावीला किंवा क्लासला जात असेल आणि १८ ची नसेल, तर करार आईवडिलांच्या नावानं करा आणि राहणार कोण ते त्यात लिहून घ्या.

दोघांचंही आधार, पॅन आणि फोटो लागतात. मालकाकडून घराचा पुरावा मागा: इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), घरटॅक्सची पावती किंवा विजेचं बिल. शहराच्या कडेची बरीच घरं अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत, तिथं नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरकर नोंदीचा उतारा बघा. उताऱ्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव जुळत नसेल, तर डिपॉझिट देऊ नका.

नोंदणी दोन प्रकारे होते. एक, दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन. तिथं ओळख पटवणारे दोघे सोबत न्या. दुसरी, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन. त्यात आधारशी जोडलेला अंगठा मशीनवर द्यावा लागतो. इथं आपल्याकडची एक अडचण सांगतो. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे वडिलांचा अंगठा मशीन घेतच नाही. करार त्यांच्या नावानं करायचा असेल, तर आधी आधार केंद्रावर बोटांचे ठसे अपडेट करून घ्या.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर काढतात. भाडं ५,००० रुपये, डिपॉझिट १५,००० आणि मुदत ११ महिने असेल, तर भाड्याचे ५५,००० अधिक ११ महिन्यांच्या व्याजाचे १,३७५, म्हणजे ५६,३७५ रुपयांवर. हे शुल्क दोनशेच्या आत बसतं. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत ५०० आणि शहरी हद्दीत १,००० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट सांगतो, म्हणून सरकारी पावती मागा आणि त्याची मजुरी वेगळी ठरवा. खर्च कोण भरणार हे आधीच बोलून घ्यायचं.

सही करण्याआधी करारातले आकडे स्वतः वाचा. सबमीटर असेल तर युनिटचा दर आणि त्या दिवसाचं रीडिंग लिहून घ्या. उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोणाचे, तेही. डिपॉझिट बँकेतूनच द्या. ते किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे किती कापणार, हे शब्दांत हवं. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं. पुढं राहायचं असेल तर नवा करार वेळेत करा.

नोंदलेल्या कराराची प्रत गॅस जोडणीला आणि पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. तीच प्रत, आधार आणि फोटो जोडून भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची असते. मालकानं दिली का ते विचारा आणि पोच असेल तर तिची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.